व्याह्यांची पिशवी

लीलाधर पाखले जळगावच्या एका डाळ मिलमध्ये खरेदी बघत, आणि डाळीपेक्षा डाळ विकणाऱ्यावर त्यांची नजर जास्त असे. समोरच्याने पोत्याचं तोंड उघडून 'बघा शेठ, सोनं आहे' म्हटलं, की हे मुद्दाम पोत्याच्या तळाशी परखी खुपसत. परखी म्हणजे ती टोकदार नळी. पोत्याच्या पोटात घुसवली की पोतं न सोडता आतला माल हातात येतो. या नळीने त्यांचा स्वभाव घडवला, की अशा स्वभावाच्या माणसाला देवाने हुडकून ही नळी दिली, हे त्यांच्या बायकोलाही, म्हणजे चारुलताबाईंनाही, सांगता आलं नसतं. दूधवाला दूध घालून गेला की ते पातेलं तिरकं धरून बघत. देवळात तीर्थ तळहातावर पडलं की आधी वास घेत, मग डोळे मिटत.

तर अशा माणसाच्या मुलीचं लग्न जमायला आलं. हेमलता ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत नोकरीला होती आणि तिथलाच धुळ्याचा स्वप्नील कोठावदे तिने स्वतःच पसंत केला होता. मुलगा शिकलेला, शांत, जातीतला, बोलायला गोड. मुलात खोट निघत नव्हती, हीच लीलाधरभाऊंची अडचण होती. ज्या पोत्यात एकही खडा सापडत नाही, ते पोतं त्यांनी आयुष्यात कधी एका फटक्यात घेतलं नव्हतं.

सुपारी फोडण्याआधी दोन्ही घरांनी एकदा निवांत भेटावं असं ठरलं. धुळ्याला जावं तर तपासायला आल्यासारखं दिसतं, जळगावला बोलवावं तर दाखवायला बसवल्यासारखं. तेव्हा मुलांनीच तोडगा काढला: चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी तंबू लावून राहायची एक जागा आहे, तिथे दोन्ही घरांनी एक दिवस कॅम्पिंग करायचं.

ही बातमी शेजारच्या चुडामण नानांना कळायला चहा निवायचाही वेळ लागला नाही. नाना ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाले होते आणि आता सबंध कॉलनीचा कारभार ओट्यावरून बघत.

"तंबूत?" नाना म्हणाले. "घर सोडून तंबूत? लीलाधर, पाणी मुरतंय."

"मलाही तेच वाटतं नाना. पण कुठे मुरतंय ते कळत नाही."

"कचरा बघ."

"कुठला?"

"त्यांचा. माणूस बोलताना खोटं बोलेल, कपड्यांत खोटं बोलेल. कचऱ्यात खोटं बोलता येत नाही. बाप पितो का, हे विचारून कोणी सांगेल का तुला? पण बाटली कुठे जाईल? कचऱ्यातच जाईल ना?"

लीलाधरभाऊंना हे इतकं पटलं, की आपल्याला हे आधी का सुचलं नाही याचंच त्यांना वाईट वाटलं. कचऱ्यालाही परखी लावता येते, हा विचारच नवा होता.

कॅम्पची जागा झकास होती. समोर डोंगर, मध्ये पळसाची झाडं, त्यात रांगेने तंबू. व्यवस्थापक हिलाल नावाचा डोंगराकडचाच माणूस होता. त्याने चहा दिला आणि प्रत्येक तंबूला एक काळी पिशवी दिली. पिशवीला तंबूचा नंबर लिहिलेली पट्टी बांधलेली.

"साहेब, इथे कचराकुंडी नाही," हिलाल म्हणाला. "ठेवली की रानडुकरं येतात, त्यांच्यामागे माकडं. तुमचा कचरा या पिशवीत टाकायचा आणि जाताना घरी न्यायचा. गेटवर पिशवी दाखवल्याशिवाय गाडी सोडत नाही मी."

"म्हणजे कचरा आमचा, न्यायचा आम्ही. मग तुमची सोय काय?"

"पिशवी दिली ना."

लीलाधरभाऊंनी पिशवी उजेडात धरून बघितली. भोक नव्हतं. त्यामुळे संशय वाढला. पण दुसऱ्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आलं, की नानांनी सांगितलेलं काम इथे नियमानेच सोपं करून ठेवलंय. व्याह्यांचा सगळा कचरा एका पिशवीत, वर नंबरसुद्धा. त्यांनी हिलालकडे पहिल्यांदाच आदराने बघितलं.

व्याही योगराज कोठावदे यांचं धुळ्याला भांड्यांचं दुकान होतं. भांडं घेताना बोटाने वाजवून बघायची त्यांची सवय माणसांनाही लागू होती; बोलताना ते मध्येच थांबत आणि समोरचा कसा वाजतो ते ऐकत. त्यांच्या पत्नी शेवंताबाई यांनी तंबूत पाऊल टाकण्याआधी दारात नारळ फोडला, कुंकू वाहिलं. रस्त्यावर नवी गाडी आणली की करतो, मग जंगलात तंबूला का नको, असं त्यांचं म्हणणं. ते रीतसरच होतं.

आता मुख्य प्रकरण. खानदेशात हिवाळ्यात चार माणसं उघड्यावर जमली आणि भरीत झालं नाही, तर त्या जमण्याला अर्थ नसतो. लीलाधरभाऊंनी फोनवरच छाती ठोकून सांगितलं होतं, "भरीत माझ्या हातचं. तुम्ही फक्त बसायचं." बामणोदची हिरवी वांगी, भाजायला पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांची मोळी, कळण्याच्या पुऱ्या, केळीची पानं, सगळं गाडीत भरून आणलं होतं. पण हिलालने पऱ्हाट्यांना नकार दिला. जंगलाच्या कडेला उघडा जाळ नको. लोखंडी शेगडीत कोळसे आहेत, त्यावर भाजा. लीलाधरभाऊंना कोळशांचा भरवसा वाटेना. ते आणखी कोळसे घालत गेले, वारा घालत गेले, आणि दर दोन मिनिटांनी वांगं फिरवून त्याच्या पोटात काडी खुपसून बघत गेले. शेवटी वांग्यांची साल, गर आणि देठ यांतला भेद मिटला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. लीलाधरभाऊ इतके सावध, की त्यांचा स्वतःवरही पुरता विश्वास नव्हता. म्हणून सकाळी निघताना त्यांनी जळगावच्या एका भरीत सेंटरवरून दोन प्लॅस्टिकचे डबे भरून भरीत घेतलं होतं आणि गाडीच्या सीटखाली दडवलं होतं. सगळे डोंगर बघायला गेल्याची संधी साधून त्यांनी ते पातेल्यात ओतलं, वरून कोथिंबीर पेरली आणि दुकानाचं नाव छापलेले डबे वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या काळ्या पिशवीच्या तळाशी दाबले. 'ही तेवढी जास्त भाजली' म्हणून त्यांनी बाजूला दाखवलेली जळकी वांगी शेवंताबाईंनी परतल्यावर, 'राहू द्या हो, आम्ही आवरतो' म्हणत आपल्या पिशवीत भरली.

पंगत बसली. चारुलताबाईंनी पहिला घास घेतला आणि नवऱ्याकडे असं काही बघितलं, की लीलाधरभाऊंना पाण्याची बाटली शोधायला उठावं लागलं. पण विहीणबाई समोर होत्या. घरातलं घरात राहिलं.

"वा!" योगराजभाऊ म्हणाले. "भरीत खावं तर जळगावचं. हात आहे तुम्हाला, पाहुणे."

"अहो, त्यात काय," लीलाधरभाऊ लाजले. खरोखर लाजले. स्तुती दुसऱ्याची असली तरी अंगाला लागतेच.

योगराजभाऊंनी आहे त्यावरच दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग म्हणाले, "गारठा वाढलाय. मी आत बसून खातो जरा." आणि पान उचलून तंबूत गेले. चेन वर ओढल्याचा आवाज आला.

लीलाधरभाऊंचा घास हातातच राहिला. पंगत सोडून माणूस तंबूत का जातो? भरीत हातात घेऊन एकटा आत का बसतो? भरिताबरोबर आत काय लागतं? परत आले तेव्हा योगराजभाऊंचं पान चाटूनपुसून साफ होतं आणि चेहऱ्यावर समाधान होतं. असलं समाधान नुसत्या वांग्याने येत नाही, याबद्दल लीलाधरभाऊंची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तर कमालच झाली. योगराजभाऊ आपली पिशवी स्वतःच्या हाताने बांधत होते. दोन गाठी मारल्या, मग तिसरी मारली. गाठीवर गाठ मारलेलं पोतं लीलाधरभाऊंनी आजवर तपासल्याशिवाय सोडलं नव्हतं.

ते पुढे झाले. "आणा इकडे. तुमची पिशवी आमच्या गाडीत."

"छे छे. आमचा कचरा तुम्ही का न्यायचा?"

"मुलीकडचे आहोत आम्ही. तुम्ही कचरा वाहत धुळ्याला जाणार आणि आम्ही बघणार? लोक काय म्हणतील?"

योगराजभाऊ थांबले. समोरचा कसा वाजतो ते त्यांनी ऐकलं. आवाज बद्द येत होता.

"एवढं म्हणता तर न्या," ते सावकाश म्हणाले. "पण मग तुमची पिशवी आमच्या गाडीत. मानपान दोन्ही बाजूंनी सारखा पाहिजे."

एकाचा मान ठेवला तर दुसऱ्याचाही ठेवणं आलं. पिशव्यांची अदलाबदल झाली. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. हिलाल गेटवर उभा होता. पिशव्या मोजून मापून बरोबर होत्या. नंबर फक्त गाड्या बदलून चालले होते. त्याने डोकं खाजवलं आणि फाटक उघडलं. कचऱ्यावरून लोक भांडतात हे त्याने पाहिलं होतं, पण ते तो न्यावा लागू नये म्हणून.

चोपड्याला दोन्ही गाड्यांच्या वाटा फुटल्या. कोठावदे अमळनेरकडे वळले, पाखले जळगावकडे. अडावदच्या अलीकडे रस्त्याला लागून केळीच्या बागा सुरू झाल्या आणि लीलाधरभाऊंना दम धरवेना. ही पिशवी चारुलताबाई घरात येऊ देणार नाहीत, आणि कॉलनीत उघडावी तर नाना आधीच टपलेले. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"जरा पाय मोकळे करून येतो," ते म्हणाले आणि डिकीतून पिशवी काढली.

"पाय मोकळे करायला पिशवी लागते?" चारुलताबाईंनी विचारलं.

"वास येतोय. टाकून येतो कुठेतरी."

"पप्पा, कुठेही टाकायची नाही," हेमलता म्हणाली. पण पप्पा बांधावर पोचले होते.

केळीच्या आडोशाला बसून त्यांनी तिन्ही गाठी दातांनी सोडवल्या आणि एकेक नग बाहेर काढून बांधावर मांडायला सुरुवात केली. डाळीच्या नमुन्यांची मांडणी करतात तशीच. नारळाची करवंटी. कुंकवाची पुडी. पिळलेली लिंबं. कोळसा झालेली वांगी, देठांसकट. शेवंताबाईंनी केस विंचरून काढलेला गुंतवळ. बाटली नव्हती. त्यांनी हात खोल घातला. तळाशी काहीतरी मऊ, जड, पानात गुंडाळलेलं लागलं. त्यांनी ते सोडलं.

भरीत होतं. दोन वेळा वाढून घेतलेलं, हात आहे म्हणून वाखाणलेलं, सगळंच्या सगळं. वर घासाची खूणसुद्धा नव्हती.

लीलाधरभाऊ गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिले. दारू निघाली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं. दारूवर बोलता येतं. तोंडावर वाहवा करून पाठीमागे आपलं अन्न कचऱ्यात टाकणाऱ्या घरात मुलगी कशी द्यायची? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भरीत आपण केलेलं नाही, ही गोष्ट त्या क्षणी त्यांना आठवतही नव्हती.

"काय करी राहिनात भाऊ?"

मागे एक शेतकरी उभा होता, हातात विळा. त्याची नजर लीलाधरभाऊंवर नव्हती. बांधावरच्या मांडणीवर होती. नारळ, कुंकू, लिंबू, काळी पडलेली वांगी, बाईचे केस. आणि त्यासमोर गुडघे टेकून, डोळे ओले करून बसलेला परका माणूस. अमावस्या एका दिवसावर आलेली.

"मना बांधवर उतारा काबरं टाकी राहिनात?" शेतकऱ्याचं नाव छगन, हे पुढे कळलं. आता नाव सांगण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता.

"उतारा नाही हो. कचरा आहे."

"कचरा असा मांडतस? मागला सालले बी आठेच लिंबू सापडनं व्हतं. मंग वादळ उनं, बठ्ठी केळ आडवी व्हई गयी. तवा बी तुम्हीच व्हतात का?"

"अहो, मी डाळ मिलमध्ये आहे."

"मंग आठे डाळ भरडी राहिनात का?" छगन खाली वाकला. "कोना कचरा शे?"

"व्याह्यांचा."

छगनने विळ्याच्या टोकाने करवंटी उलटी केली. "व्याहीसना कचरा तुम्हीन काबरं उघाडी राहिनात?"

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातून आणखी दोघं आले, गाडीतून चारुलताबाई आणि हेमलता आल्या. लीलाधरभाऊंना चहूबाजूंनी माणसं दिसायला लागली आणि सगळी नुसती बघत होती. आयुष्यभर ते दुसऱ्याच्या पोत्याकडे जसं बघत आले, तसंच.

"काका, खरंच माझ्या होणाऱ्या सासरचा कचरा आहे," हेमलता म्हणाली. "हवं तर फोन लावून देते."

"व्हिडिओ लावा," छगन म्हणाला. "आवाज कोनाबी काढता येस. माले थोबाड देखनं शे."

"फोन नको!" लीलाधरभाऊ म्हणाले. फोन लागला तर आपण व्याह्यांची पिशवी उकरली हे धुळ्याला कळणार. आणि मग त्याहून भयंकर गोष्ट आठवली. आपली पिशवी! ती योगराजभाऊंच्या गाडीत आहे. तिच्या तळाशी दुकानाचं नाव छापलेले दोन डबे आहेत. लग्न तर मोडेलच, पण जळगावचा माणूस व्याह्यांना विकतचं भरीत आपलं म्हणून खाऊ घालतो, हे धुळ्याला कळलं तर जातीच्या पंगतीत कुठल्या तोंडाने बसायचं?

हेमलताने फोन लावलाच होता. स्वप्नीलचा चेहरा पडद्यावर आला.

"अरे, तुझे पप्पा कुठे आहेत? एका काकांना त्यांच्याशी बोलायचंय."

"पप्पा... पप्पा जरा कामात आहेत," स्वप्नील म्हणाला. त्याचा आवाज ओशाळला होता.

"थोबाड दखाडा म्हनो," छगन म्हणाला.

स्वप्नीलने नाइलाजाने फोन फिरवला. पडद्यावर एक कपाशीचं शेत आलं. शेताच्या कडेला बाभळीखाली एक माणूस पाठमोरा उकिडवा बसला होता. त्याच्यापुढे काळी पिशवी पसरली होती आणि त्याच्या हातात प्लॅस्टिकचा डबा होता. तो डब्याचं झाकण बोटाने वाजवून बघत होता.

"पप्पा," स्वप्नील म्हणाला, "फोन."

योगराजभाऊ वळले. पडद्यावर त्यांना काय दिसलं असेल? केळीची बाग, विळा धरलेला शेतकरी, आणि बांधावर पानात भरीत घेऊन बसलेले पाहुणे. दोघांनीही हातातलं लपवायचा प्रयत्न केला. दोघांनाही उशीर झाला होता.

"राम राम, पाहुणे," योगराजभाऊ म्हणाले.

"राम राम."

पुढे बोलायचं म्हणजे आधी उकरल्याचं कबूल करायचं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात; इथे दोन्हीकडे लख्ख पौर्णिमा होती. अखेर लीलाधरभाऊंचा मानच दुखावलेला होता, त्यांना राहवेना.

"आमचं भरीत कचऱ्यात टाकलंत, व्याही?"

"तुमचं कुठे?" योगराजभाऊंनी डबा वर धरला. "हे तर भरीत सेंटरचं."

चारुलताबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत नव्हत्या.

"डॉक्टरांनी तिखट बंद केलंय हो," योगराजभाऊ खालच्या आवाजात म्हणाले. "पोटात व्रण आहे. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मुलाच्या घरात आजारपण आहे. आणि नाही म्हणावं, तर पाहुण्याच्या हातचं नाकारलं. काय करणार? तंबूत जाऊन दुसऱ्या पानात बांधलं."

"माझी वांगी जळली," लीलाधरभाऊ म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून इतक्या सहज निघाले की त्यांनाच नवल वाटलं. "मला वाटलं, भाजी जळाली की माणूसच कच्चा ठरतो."

छगन एकदा फोनकडे, एकदा बांधाकडे बघत होता. "म्हंजे करनी नही शे?"

"नाही हो."

"आनि इतलं भरीत फेकी दिनं?" त्याने पानाकडे बोट दाखवलं. "हाई त करनीपेक्षा वाईट शे." विळा त्याने कमरेला खोचला. "आते बठ्ठं भरा आनि घर लई जा. एक लिंबू बी आठे राहाले नको."

लीलाधरभाऊंनी एकेक नग परत पिशवीत भरला. गाठ मात्र एकच मारली. कॉलनीत गाडी शिरली तेव्हा नाना ओट्यावर होतेच. "काय निघालं?" त्यांनी पिशवीकडे बघत विचारलं. "कचरा," लीलाधरभाऊ म्हणाले आणि घरात गेले. नानांनी त्यातून नक्की काय समजून घेतलं, देव जाणे. पण त्यांचा चेहरा बरेच दिवस गंभीर होता.

सुपारी जळगावला, पाखल्यांच्या घरी फुटली. त्या दिवशी लीलाधरभाऊंनी गच्चीवर पऱ्हाट्या पेटवून स्वतः वांगी भाजली आणि योगराजभाऊंसाठी वेगळ्या पातेल्यात बिनमिरचीचं भरीत केलं, पांढरंफेक, नुसतं मीठ, तेल आणि शेंगदाणे. योगराजभाऊंनी ते पंगतीत, सगळ्यांसमोर बसून खाल्लं आणि या वेळी स्तुतीचा एक शब्दही काढला नाही. लीलाधरभाऊंना ते फार आवडलं.

माणसं पानसुपारीला बसली. लीलाधरभाऊ मात्र हळूच मागच्या दारी आले. तिथे उष्ट्या पानांची बादली होती. आपल्याला बघायचं नाही, हे त्यांना माहीत होतं. व्याही आता आपलाच माणूस झाला. विश्वास म्हणून काही चीज असते. हात झाकणावर गेला, थांबला, मागे आला. मग पुन्हा गेला.

"बघा, बघा," मागून आवाज आला. योगराजभाऊ दारात उभे होते, तोंडात सुपारी. "संकोच करू नका. तुमच्या स्वयंपाकघरातली बादली मी मघाशीच बघून आलो. या वेळी डबे नाहीत."